एका युनिटमागचे साडेतीन लिटर पाणी

२०१५ च्या जुलै महिन्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद करावे लागले, तेव्हा माझे मामा तेथे नोकरीला होते. परळीत या केंद्राला कोणी पूर्ण नावाने ओळखत नाही. सगळे त्याला नुसते ‘थर्मल’ म्हणतात आणि त्याच्या उंच चिमण्या कोणत्या वाटेने गावात शिरले तरी लांबूनच दिसू लागतात. त्या वर्षी केंद्र बंद पडण्याचे कारण कोळसा नव्हता, पाणी हे होते. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून थर्मलला पाणी मिळते आणि तो बंधाराच कोरडा पडला होता. त्याआधी २०१३ च्या फेब्रुवारीतही असेच घडले होते. त्या जुलैत मी मामांकडे दोन दिवस राहिले होते. संध्याकाळी अंगणात बसलो असता मामा बराच वेळ चिमण्यांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “धूर नसला की गाव मेल्यासारखं वाटतं गं.” त्या धुरावर त्यांनी आपला संसार उभा केला होता, दोन मुलांची शिक्षणे केली होती, त्यामुळे त्यांच्या बोलण्यातली कळकळ मला समजत होती. मात्र वीज तयार करायलाही पाणी लागते, आणि तेही आमच्यासारख्या टँकरच्या मुलखात, ही गोष्ट माझ्या मनात त्या संध्याकाळी जी रुतली ती कायमची.

पाणी का लागते, हे मामांनीच मला समजावून सांगितले. कोळसा जाळून बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करायची, त्या वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवायचे आणि काम झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे. वाफेचे पाणी आतल्या आतच फिरत राहते. मात्र तिला थंड करण्यासाठी जे दुसरे पाणी वापरतात, त्यातला मोठा हिस्सा कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जातो. चिमणीशेजारी जे पोट आत ओढलेले, अवाढव्य रांजण दिसतात आणि ज्यांच्या तोंडातून पांढरा ढग सतत वर जात असतो, ते हे टॉवर. तो पांढरा ढग धुराचा नसतो, ते आपले पाणी असते. याशिवाय राख वाहून नेण्यासाठीही पाणी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांना पाणीवापराची जी कमाल मर्यादा घालून दिली, ती प्रत्येक मेगावॉट-तासाला साडेतीन घनमीटर आहे. एक मेगावॉट-तास म्हणजे एक हजार युनिट आणि एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. तेव्हा हिशेब सरळ आहे: घरातल्या मीटरवरचा आकडा एकाने पुढे सरकला की कुठेतरी साडेतीन लिटरपर्यंत पाणी खर्ची पडते. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. सकाळच्या एका अंघोळीच्या बादलीमागे हे दुसरे न दिसणारे तीन-साडेतीन लिटर पाणी असते.

मी अंबाजोगाईला राहते. आमच्या गावाला मांजरा धरणातून पाणी येते आणि लातूरलाही तेथूनच जाते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण मांजरा धरणात उचलण्याजोगे पाणी उरले नव्हते. त्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या मुली दप्तराबरोबर रिकामी कळशी घेऊन येत आणि सुटल्यावर टँकरच्या रांगेतून भरून घरी नेत. ज्या जिल्ह्यात मुलींच्या डोक्यावर कळशी आहे, त्याच जिल्ह्यात विजेसाठी पाणी वाफ होऊन उडते, हे एकदा कळल्यावर विजेच्या बटणाकडे पूर्वीसारखे बेफिकिरीने पाहता येत नाही.

पाण्याचा हा हिशेब निदान त्याच वर्षापुरता असतो. चांगला पाऊस झाला की बंधारा पुन्हा भरतो. धुराचा हिशेब मात्र तसा मिटत नाही. भारतातील सुमारे तीन चतुर्थांश वीज आजही कोळशापासून तयार होते आणि देशातल्या सगळ्या विजेची सरासरी काढली, तर एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू सूर्यप्रकाशाला आत येऊ देतो, पण तापलेल्या जमिनीतून परत फेकली जाणारी उष्णता अडवून धरतो. यात कोणतीही नवी किंवा वादग्रस्त कल्पना नाही. युनिस फूट या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळ्या उन्हात ठेवून हा वायू इतर हवेपेक्षा जास्त तापतो आणि उशिरा निवतो, हे दाखवले होते. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वीचे तापमान किती वाढेल, याचे गणित मांडले. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे त्याची रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी तो सुमारे २८० होता. २०२४ हे पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक वर गेलेले पहिले वर्ष ठरले. एकदा हवेत गेलेल्या या वायूचा मोठा भाग शेकडो वर्षे तेथेच राहतो, म्हणून माझ्या आजीच्या लग्नात जळलेल्या गॅसबत्तीपासून आजच्या एसीपर्यंत सगळ्यांची बेरीज होतच राहते.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. ती जमिनीतला ओलावा जास्त ओढून घेते आणि सोडते तेव्हा धो धो सोडते. एखाद्या विशिष्ट पावसाचे किंवा दुष्काळाचे खापर थेट तापमानवाढीवर फोडणे बरोबर नाही, ते अभ्यासकांचे काम आहे. पण ज्या मराठवाड्यात रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत नद्या शेतांतून वाहिल्या आणि काढणीला आलेले सोयाबीन मातीसह गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांच्या शेतात आता फक्त मुरूम दिसतो. तापलेल्या हवेकडून ज्या गोष्टींची भीती शास्त्रज्ञ घालत आले आहेत, त्या याच जातीच्या आहेत.

आपल्या एका घराने वीज वाचवून आणि गच्चीवर सौर पॅनेल बसवून काय फरक पडणार, असे मला अनेकांनी विचारले आहे आणि तो प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. भारतातील माणसामागे होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. ज्या देशांनी दीडशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून श्रीमंती मिळवली, त्यांच्यावर पहिली जबाबदारी आहे आणि ती त्यांच्याकडे ठामपणे मागितलीच पाहिजे. तरीही ‘भारतीय माणसाची सरासरी’ या शब्दांच्या आड मी लपू शकत नाही, कारण त्या सरासरीत माझ्या घरचा गिझर, फ्रिज आणि धुलाई यंत्रही आहे आणि ज्या पारध्यांच्या वस्तीवर एकच बल्ब जळतो ती वस्तीही आहे. माझा पगार दरमहा येतो, माझ्या घरावर स्वतःची गच्ची आहे आणि वर्षातले जवळजवळ तीनशे दिवस त्या गच्चीवर लख्ख ऊन असते. मी बदलायचे नाही, तर कोणी बदलायचे?

पॅनेल बसवण्याआधी आम्ही विजेचा वापर आवरला, आणि हे आधी करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉट खातो, तर नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पाच पंखे चोवीस तास फिरत असतात, म्हणून सगळ्यात मोठी बचत तेथेच निघाली. गिझर काढून सौर बंब बसवला. गरज कमी झाल्यावर पाच किलोवॉटऐवजी तीन किलोवॉटच्या पॅनेलमध्ये काम भागेल, असे दिसले.

खरी अडचण गच्चीवर आली. आई आमच्याजवळ राहते आणि मार्च उजाडला की तिचे वाळवण सुरू होते: कुरडया, पापड, शेवया, सांडगे, मिरच्या. बसवणारी माणसे माप घ्यायला आली, तेव्हा ती जिन्याच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, “अगं, सगळी गच्ची त्यांना दिलीस तर मी वाळवण कुठं घालू? ऊन काय फक्त विजेचंच असतं का?” तिचे म्हणणे मला पटले. पॅनेल आठ फूट उंच सांगाड्यावर बसवून खालची जागा मोकळी ठेवता येते, पण खाली सावलीच पडणार, तेथे कुरडई वाळत नाही. साधारण एका किलोवॉटला शंभर चौरस फूट जागा लागते. शेवटी आम्ही पश्चिमेची आणि मधली बाजू पॅनेलला दिली आणि पूर्वेची सगळी पट्टी आईसाठी राखली.

दुसरा प्रश्न कडुनिंबाचा होता. अंगणात वडिलांनी लावलेला निंब आहे आणि हिवाळ्यात दुपारी तीननंतर त्याची सावली गच्चीच्या दक्षिण कोपऱ्यावर येते. पॅनेल एकापाठोपाठ एक साखळीसारखी जोडलेली असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी साऱ्या साखळीचा प्रवाह खाली येतो. पाइप एका जागी दाबला की पुढच्या सगळ्या शेताला पाणी कमी मिळते, तसे. माप घेणाऱ्याने अगदी सहज सुचवले की झाड निम्म्यावर छाटून टाका. जो निंब मे महिन्यात आमच्या दोन खोल्या थंड ठेवतो, तो तोडून सूर्यापासून वीज घ्यायची आणि त्या विजेवर खोल्या गार करायच्या, याला काय म्हणावे? आम्ही सांगाडा सात फूट उत्तरेकडे सरकवून घेतला. वर्षाला थोडे युनिट कमी येतात. ते कमीच येऊ देत.

खर्चाचे सांगायचे तर तीन किलोवॉटला आम्हाला एक लाख नव्वद हजार रुपये लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. ते नंतर थेट खात्यात जमा झाले. आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते किंवा बँकेचे कर्ज घ्यावे लागते, ही गोष्ट हातावर पोट असणाऱ्यांना अवघड जाते आणि योजनेची हीच बाजू मला सर्वांत कमकुवत वाटते. ज्यांचे बिल शंभर युनिटांच्या आतच असते, त्यांची रुपयांतली बचत थोडी असते, कारण खालच्या टप्प्याचा दर कमी आहे. तीनशेच्या वर जाणाऱ्या घरांना मात्र फेड लवकर होते. ज्याच्याकडून आम्ही काम करून घेतले, त्याने अर्थिंगची सळई जमिनीत दोन फूटही खोल घातली नव्हती. मामांनी पाहिल्याबरोबर ते ओळखले आणि पुन्हा खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून ते काम नीट करवून घेतले. नंतर नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारे मीटर, येण्यात सात आठवडे गेले. मीटर बसेपर्यंत यंत्रणा सुरू करता येत नाही, म्हणून ऐन उन्हाळ्यातले सात आठवडे ते काळेभोर पॅनेल नुसते तापत राहिले. त्या दिवसांत मला आलेली अस्वस्थता मी विसरू शकत नाही. तुम्ही काम देत असाल, तर अर्थिंग स्वतः उभे राहून पाहा आणि शेवटचा हप्ता मीटर बसल्यावरच द्या.

नेट मीटरवर दोन आकडे आळीपाळीने दिसतात: आपण घेतलेली वीज आणि आपण दिलेली वीज. दिवसा जास्तीची वीज तारेवरून बाहेर जाते, ती शेजारच्या घरातच वापरली जाते आणि रात्री आपण तेवढी परत घेतो. युनिटांचे बिल फक्त फरकाचे येते. पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता दिलेल्या विजेचा आकडा एकाने पुढे गेला, तेव्हा मी आणि आई मीटरच्या पेटीसमोर कितीतरी वेळ उभ्या होतो.

सर्वसाधारण समज असा की मे महिन्यात वीज सर्वांत जास्त होत असणार. तसे होत नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानावर मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३५ ते ०.४ टक्का घटते. मे महिन्यात भर दुपारी काच ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे १४ ते १६ टक्के वीज तेथेच जाते. माझ्या वहीत सर्वांत चांगले दिवस फेब्रुवारीअखेरचे आणि मार्चचे आहेत: हवा अजून निवलेली, आकाश स्वच्छ, ऊन तेज. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की दिवसाला तीन-चार युनिटांवर समाधान मानावे लागते. पृथ्वी जशी तापत जाईल तशी सूर्याकडून वीज घेण्याची आपली ताकदही थोडी थोडी घटत जाईल, हा विचार त्या वहीकडे पाहताना येतो.

आमच्या भागात धुळीचा त्रासही फार आहे. पंधरा दिवस पुसले नाही, तर काचेवर बोटाने नाव लिहिता येते. बोअरचे पाणी क्षाराचे असल्यामुळे ते वाळले की पांढरे डाग बसतात आणि डाग धुळीपेक्षा चिवट असतात. म्हणून मी गच्चीवरच्या टाकीत साठवलेले पावसाचे पाणी वापरते, तेही सूर्य वर येण्याआधी, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते. लांब दांड्याला मऊ कापड बांधून पुसले की दोन बादल्यांत सगळे काम होते.

एक गोष्ट बसवणारे आधी सांगत नाहीत आणि मग लोक रागावतात, म्हणून ती येथे स्पष्ट लिहिते. लाईट गेली की सौर वीजही बंद होते, भर उन्हातसुद्धा. हा दोष नाही. तारेवर कोणी कर्मचारी दुरुस्ती करत असेल आणि आपल्या गच्चीवरून त्या तारेत वीज जात राहिली, तर त्या माणसाचा जीव जाईल. म्हणून बाहेरची वीज गेल्याचे कळताच सौर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र, स्वतःहून थांबतो. लाईट गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल, तर बॅटरी जोडता येणारा इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि खर्च बराच वाढतो. आम्ही तो घेतला नाही. दोन दिवे आणि एका पंख्यापुरता जुना बॅटरीचा इन्व्हर्टर ठेवला आहे.

पहिल्या पूर्ण वर्षात ४,१६० युनिट तयार झाले. प्रत्येक युनिटमागे ७०० ग्रॅम धरले, तर सुमारे २.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला नाही. कोळशाचे गणित केले तर पावणेतीन टनांच्या आसपास कोळसा वाचला आणि आपल्याकडच्या कोळशात राख ३० ते ४० टक्के असल्यामुळे टनभर राखही वाचली. परळीच्या रस्त्यांवर ट्रकमागून उडणारी ती करडी राख ज्यांनी अंगावर घेतली आहे, त्यांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पाणी निघाले साडेचौदा हजार लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर. पॅनेल बनवतानाही वीज आणि कोळसा खर्च होतो, हे खरे. पण तो खर्च साधारण एक-दोन वर्षांत भरून निघतो आणि पॅनेल पंचवीस वर्षे चालते. बाद झालेल्या पॅनेलचा प्रश्न पुढे उभा राहणारच आहे. २०२२ च्या ई-कचरा नियमांत त्यांचा समावेश झाला आहे. गावपातळीवर ते गोळा कोण करणार, याची तजवीज आतापासून व्हायला हवी.

ज्यांना गच्ची नाही त्यांनी काय करावे, हाही प्रश्न रास्त आहे. गृहनिर्माण संस्थांना जिन्यातले दिवे, पंप आणि लिफ्ट यांच्यासाठी याच योजनेत प्रत्येक किलोवॉटला १८,००० रुपये मिळतात. स्वयंपाकघरातले खरकटे वाया जात असेल, तर पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली प्लास्टिकच्या टाक्यांचे छोटे बायोगॅस संयंत्र बनवले आहे. त्याला २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. भाड्याच्या घरातही पंखा बदलता येतो.

मागच्या महिन्यात मामा आले होते. आता ते निवृत्त आहेत. जेवण झाल्यावर गच्चीवर गेले, इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावरचा आकडा त्यांनी डोळे बारीक करून वाचला. ज्यांनी आयुष्यभर शेकडो मेगावॉटच्या वीजनिर्मिती संचांच्या तबकड्या पाहिल्या, ते आता दोन किलोवॉट आणि थोडेसे वर, एवढा आकडा वाचत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, “दिवसाचं झालं. रात्रीचं काय?”

रात्रीची वीज अजून मुख्यतः थर्मलचीच आहे, हे मी त्यांना सांगितले. मी दिलेली वीज दुपारी शेजाऱ्यांनी वापरली, पण रात्री माझ्या घरात येणारी वीज बहुतांश कोळशाचीच असते, मीटरवरचा फरक शून्य दिसला तरी. त्यावर त्यांनी एखाद्या संचाचे वेळापत्रक आखावे तसे घरातल्या एकेका यंत्राची वेळ विचारायला सुरुवात केली. घरघंटी कधी लावता? रात्री नऊनंतर. पाण्याची मोटर? पहाटे पाचला. कपडे? रात्री, कारण दिवसा शाळा. त्यांनी खिशातून पेन काढले आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर नवे वेळापत्रक लिहून दिले: मोटर अकराला, घरघंटी साडेबाराला, कपडे रविवारी आणि बुधवारी दुपारी; बटण दाबायचे काम ताईकडे, म्हणजे माझ्या आईकडे. आई वाळवण उलथायला वर जातेच, तेव्हा खाली येताना मोटर चालू करते. पहिल्या तीन आठवड्यांत बाहेरून घेतलेल्या विजेचा आकडा रोज सरासरी दीड युनिटाने खाली आला आहे. मामांना मी तो फोनवर दर रविवारी वाचून दाखवते आणि ते तो लिहून घेतात.